चौरंगावरचा शिक्का
स्टॅम्प-पॅडच्या शाईचा वास आला की नेरूळचे आमचे शेजारी आठवतात. नव्वदच्या दशकात कंपनीने त्यांना आठवडाभर सिंगापूरला काय धाडलं, परतल्यावर या गृहस्थांनी सत्यनारायण घातला. चौरंगावर देवाशेजारी पासपोर्ट, शिक्क्याचं पान उघडं! "लांबूनच बघा हां, हात नको," असं प्रत्येकाला बजावत होते. आम्ही देवाला नमस्कार केला, तर मान यांनीच डोलावली. मग त्यांच्या बायकोने, नव्या स्कूटरला लावतात तसं, ओल्या बोटाने थेट शिक्क्यालाच हळद-कुंकू लावलं. शाई फिसकटली. "अगं, आता मी गेलोच नव्हतो म्हणतील!" ते किंचाळले. "अख्ख्या सोसायटीला सांगून झालंय की," ती शांतपणे म्हणाली. आज माझ्या पासपोर्टात शिक्केच शिक्के आहेत, आणि त्यातला प्रत्येक कुणीतरी जांभई देत मारलेला आहे.