बिल माझ्या नावावर होतं

कॅमेरा गावांचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

सेलू तालुक्यातल्या जंगलाकाठच्या गावांनी वर्गणी काढून तो घेतला होता. वर्गणीसाठी घरोघर फिरली माझी मैत्रीण. गोंड घरातली, आईशी गोंडी बोलणारी, आणि अधिकाऱ्यांशी त्यांना घाम फुटेल अशी मराठी बोलणारी. नागपूरच्या दुकानात बिल करताना काउंटरपाशी मी उभी होते, म्हणून दुकानदाराने माझं नाव टाकलं. सहा वर्षं ते बिल फाइलीत पडून राहिलं. त्या सहा वर्षांत जंगलहक्काच्या लढ्याचं शूटिंग सगळं तिने केलं. मी पत्रकं लिहायची.

यंदा इंडोनेशियातून बोलावणं आलं. तिकडेही लोकांना जंगलातून हुसकावलंय. त्यांचं म्हणणं, बाहेरचा कॅमेरामन नको, तुमच्यातलंच कोणी येऊन आमचं चित्रण करा. जाणार ती एकटी. कागद करणार मी. वडील कारकून, त्यामुळे मला फॉर्मची भीती कधी वाटली नाही.

सामान थोड्या दिवसांसाठी परदेशी न्यायचं तर ‘कार्ने’ नावाचं पुस्तक काढावं लागतं. सामानाचा पासपोर्टच तो. त्यात लिहिलेली वस्तू तिकडे कर न भरता जाते, पण तीच वस्तू, त्याच नंबरची, मुदतीत परत आली पाहिजे. म्हणून यादी. प्रत्येक लेन्स, प्रत्येक बॅटरी, तिचा नंबर, तिचं वजन. वर्ध्याच्या माझ्या खोलीत चादर पसरून आम्ही तीन दिवस तेच करत होतो. वजनासाठी समोरच्या किराणावाल्याचा काटा आणला. मी लेन्स काट्यावर टेकवली तर ती ओरडली, “हळू ठेव वं, वांगे नाई हायेत ते!”

तिच्या वडिलांनी कापून दिलेला एक बांबू होता. त्याला ती माइक बांधायची. तोही यादीत घाल म्हणाली. मी कार्ने काढून देणाऱ्या नागपूरच्या एजंटला फोन लावला. तो म्हणे, “मॅडम, बांबूचा सीरियल नंबर काय टाकू?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. बांबू यादीबाहेरच राहिला. तिने मनावर घेतलं नाही.

मग एजंटने विचारलं, बिल कोणाच्या नावावर आहे?

“माझ्या.”

“मग धारक तुम्ही. सामान त्या नेणार, तर तुम्ही त्यांना अधिकारपत्र द्या. नाहीतर आधी त्यांच्या नावावर करून द्या. स्टॅम्पपेपर, नोटरी, आठ-दहा दिवस धरून चला.”

दिवस होते. प्रवासाला महिना बाकी होता. पण मी कंटाळले होते, आणि तिला विचारायचं मला सुचलंही नाही. एजंटने नमुना पाठवला, मी दहा मिनिटांत नावं भरली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. सही कर.

तिने दोनदा वाचला. वरील व्यक्तीस माझ्या मालकीचे सामान माझ्या वतीने हाताळण्याची व परत आणण्याची परवानगी देत आहे. इंग्रजीत होतं, पण होतं ते हेच.

“परवानगी?”

“तो फॉरमॅटच तसा आहे.”

“माह्या बाबाले मोहफुलं येचाले जंगलखात्याचा नाकेदार असाच कागद देत होता. तूच लिवलं होतं ना त्याच्यावर पत्रक? काय लिवलं होतं वं, सांग बरं?”

मला पाठ होतं. आमच्याच जंगलात जायला तुमची परवानगी कशाला? पण ते माझ्या तोंडातून निघालं नाही. निघालं ते हे: “अगं, कागदच तर आहे.”

गावोगावच्या सभांत ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ म्हणून घसा फोडणारी मी! तिने वाचला होता, एवढाच तिचा गुन्हा.

“मंग बदलव. दिवस हायेत अजून.”

“अर्ज गेला,” मी म्हणाले. “आता एका शब्दापायी सगळं बुडवायचं का? ते लोक तिकडे वाट पाहताहेत.”

अर्ज गेला नव्हता. माझ्या पिशवीत होता. तिच्याशी मी बोललेलं ते पहिलं खोटं. का बोलले? मालक असल्याची चव लागली होती की काय, देव जाणे.

ती उठली. लेन्स पुसून जागच्या जागी ठेवल्या, बॅगेची चेन लावली. “तूच जाय मंग. तुले कोनाची परवानगी लागत नाई.”

आणि मी गेले. हो, गेले. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने नंबर ताडून पाहिले, शिक्का मारला. “सामान आपलंच?” मी हो म्हणाले. तिकडे एक म्हातारी दोन तास बोलली, रडली. घरी येऊन पाहते तर तिचा चेहरा धूसर आणि मागचं झाड लख्ख. बॅटऱ्या, लेन्स, सगळं मात्र यादीबरहुकूम परत आलं.

आल्यावर सामान तिच्या नावावर करायचा स्टॅम्पपेपर केला. चार दिवस लागले. चारच. तो आणि बॅग घेऊन तिच्या घरी गेले. तिने तोही कागद नीट वाचला.

“आता मले देऊन राह्यली का तू?”

“तुझाच आहे तो.”

“माहा नाई, गावाचा हाये. आन् माहा असता, तं तू देनारी कोन?”

त्या कागदावरही देणारीच्या जागी माझं नाव होतं. ते लिहितानासुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिने चहा केला. बशीसकट कप दिला. इतकी वर्षं आम्ही एकाच पेल्यातला अर्धा अर्धा प्यायचो. बॅग समाजमंदिरात ठेवून दे म्हणाली. मी उठले तशी दारापर्यंत आली आणि म्हणाली, “येजो.”

सहा वर्षांत ती मला असं कधी म्हणाली नव्हती. ते पाहुण्यांना म्हणतात.