सात टायर आणि कडप्प्याचा ओटा

वाल्मीक थेटे यांनी नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात सगळी नोकरी दुसऱ्यांच्या कामात खोट काढण्यात घालवली. खातंच तसं होतं, तपासणीचं. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा, केसाएवढा फरक दिसला तरी लाल खडूने फुली मारून परत पाठवायचा. त्यांच्या फुलीला अख्खी पाळी टरकून असायची. मग त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, थोड्याच दिवसांत आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू स्वतः निवडली, आणि नेमका त्याच दिवशी तो लाल खडू कुठे गेला होता, हे त्यांना आजवर कळलेलं नाही.

ती वस्तू म्हणजे एक वापरलेली घरगाडी. मूळची प्रवासी ट्रॅव्हलर. पुण्याच्या एका जोडप्याने आतली आसनं काढून पलंग, गॅसची शेगडी, छोटं बेसिन, मागच्या कोपऱ्यात संडास असा संसार बसवला होता. त्यांची हौस फिटली आणि गाडी कित्येक वर्षं इमारतीच्या आवारात उभीच राहिली. वाल्मीकराव ती बघायला गेले तेव्हा त्यांनी पडद्यांचं कापड चाचपलं, पलंगाखालचे कप्पे उघडून मिटून पाहिले, बेसिनचा नळ पुन्हा पुन्हा सोडला. शेवटी टायरवर एक लाथ मारली, कारण गाडी घेताना टायरवर लाथ मारतात एवढं त्यांनी पाहिलं होतं. लाथ मारून काय कळतं ते ठाऊक नव्हतं. पाय चांगलाच दुखला, तेव्हा टायर मजबूत असणार असा त्यांनी निष्कर्ष काढला. नक्षी तर नव्यासारखी खोल होती. “टायर अगदी कोरे आहेत,” असं त्यांनी तिथूनच फोन करून बायकोला कळवलं.

बायको म्हणजे सुवर्णाताई. घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. नवऱ्याचं ‘एकदा सगळा देश बघायचा’ हे वाक्य त्या लग्नापासून ऐकत होत्या, त्यामुळे त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. गाडीत संडास आहे एवढं कळल्यावर मात्र त्यांनी होकार दिला. प्रवासात बायकांचे काय हाल होतात हे त्यांना चांगलं माहीत होतं.

पुण्याहून गाडी आणली ती रोजाच्या ड्रायव्हरने. वाल्मीकराव शेजारी बसून आले आणि वाटेत त्याच्या गिअर टाकण्यातल्या चुका मनात मोजत राहिले. इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत एवढी मोठी गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून ती दिंडोरीजवळ थोरल्या भावाच्या, सावळीरामदादांच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये गेली. तिथे वाल्मीकरावांच्या सुधारणा सुरू झाल्या. आतला प्लायवुडचा ओटा हलतो असं त्यांचं मत पडलं, म्हणून त्यांनी नाशिकहून माणूस आणून कडप्प्याचा ओटा बसवून घेतला. कापडाची मळकी कपाटं काढून लोखंडी कपाट आलं. टपावर पाण्याची आणखी एक टाकी चढली. इन्व्हर्टर आला, त्याच्या दोन बॅटऱ्या आल्या. आणि सुवर्णाताईंना खूश करायचं म्हणून पलंगाखाली गुपचूप एक पाटा-वरवंटाही गेला. वाटणाला चव पाट्याचीच, असं ते नेहमी म्हणायचे. वाटण मात्र त्यांनी जन्मात कधी वाटलं नव्हतं.

पहिली सफर सापुताऱ्याची ठरली. सावळीरामदादांच्या बायकोने, कलाबाईंनी, गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. वाल्मीकराव स्टिअरिंगवर बसले. त्यांना कारची सवय होती. ही गाडी म्हणजे आपल्या मागे कुणीतरी अख्खी खोली बांधली आहे असं त्यांना वाटत होतं, पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. वणीच्या अलीकडे सरळ, मोकळ्या रस्त्यावर मागून बार उडाल्यासारखा आवाज झाला. गाडी एका अंगाला ओढली गेली. समोरून ऊस भरलेला ट्रक येत होता. वाल्मीकरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं, डोळे मिटले की उघडे ठेवले ते त्यांना आठवत नाही, आणि गाडी कडेच्या मुरमात जाऊन थांबली. मागच्या डाव्या जोडीतला बाहेरचा टायर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या.

कुणाला काही लागलं नव्हतं. सुवर्णाताई खाली उतरून गाडीला प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या, “हे कोरे टायर बघितलेत का जवळून?”

वाल्मीकरावांनी वाकून पाहिलं. नक्षी खोलच होती. पण प्रत्येक टायरच्या बाजूला बारीक बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हात पडलेल्या जुन्या चपलेसारख्या. टायर न चालतासुद्धा म्हातारा होतो, आणि तो कधी जन्मला हे त्याच्याच अंगावर चार आकड्यांत लिहिलेलं असतं, आठवडा आणि साल, हे त्यांनी तिथेच रस्त्याच्या कडेला मोबाइलवर वाचलं. मग आकडे शोधले. ते टायर त्यांच्या धाकट्या मुलीच्या, सायलीच्या, दहावीच्या वर्षातले निघाले. सायलीचं आता लग्न झालं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढी चूक पकडली, त्याला एवढे ठसठशीत आकडे दिसले नव्हते. ते त्यांनी टायरचं माप समजून सोडून दिले होते.

स्टेपनी चढवून, बैलगाडीच्या चालीने ते परत दिंडोरीला आले. पुढचे दोन, मागचे चार आणि स्टेपनी, असे सातही टायर बदलायचे ठरले. शेडमध्ये गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली, आणि वाल्मीकरावांनी जाहीर केलं की या वेळी निवड पूर्ण तपासून होईल.

ती तपासणी सुरू झाली ती संपेचना. सकाळच्या चहापासून त्यांचे टायरचे व्हिडिओ सुरू व्हायचे. रेडियल बरे की नायलॉनचे, ट्यूब असलेले की नसलेले, उन्हात कुठला तापतो, ओल्यात कुठला घसरतो. त्र्यंबक रोडवरच्या दुकानात योगेश नावाचा दुकानदार होता. सुरुवातीला तो खुर्ची पुढे करायचा, चहा मागवायचा. पुढे पुढे वाल्मीकराव दिसले की तो फोन कानाला लावायचा. त्याने दाखवलेल्या प्रत्येक टायरमध्ये यांना खोट सापडायची. एकाची नक्षी फार बारीक, एक आवाज करतो, एक परदेशातल्या कुठल्याशा चाचणीत तिसरा आलेला. लाल खडू आता परत सापडला होता. सोसायटीतले लोक स्कूटरचे टायर बदलायचे झाले तरी यांचा सल्ला घ्यायला येऊ लागले, आणि ज्यांची स्वतःची गाडी ठोकळ्यांवर उभी होती ते वाल्मीकराव त्यांना छातीठोकपणे सल्ला देत होते.

इकडे शेडमध्ये वेगळंच चाललं होतं. छाटणीचे दिवस आले, तशा सुवर्णाताई मदतीला म्हणून दिंडोरीला जाऊन राहू लागल्या. दुपारी त्या आणि कलाबाई घरगाडीत जाऊन बसायच्या. कलाबाईंनी पडदे धुऊन काढले, सुवर्णाताईंनी शिलाई मशीन आणून खिडकीशी ठेवलं. कामावरच्या बायका जेवणाच्या सुट्टीत येऊन ब्लाउज शिवून न्यायच्या. गाडीला चाकं नाहीत याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. एकदा वाल्मीकराव स्वतःच्या गाडीत शिरायला गेले, तर आतून कुणीतरी सांगितलं की थांबा, माप घेणं चाललंय. ते बराच वेळ पायरीशी उभे राहिले आणि मग टायरचा व्हिडिओ बघत शेडला टेकून बसले.

एका संध्याकाळी सावळीरामदादा फवारणी आटोपून ट्रॅक्टर धूत होते. वाल्मीकरावांनी त्यांनाही शिकवायला घेतलं. टायर किती वजन पेलतो हे त्याच्यावर लिहिलेलं असतं, सगळ्यांची बेरीज गाडीच्या वजनाहून चांगली जास्त हवी, वगैरे.

दादांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “गाडीचं वजन किती हाय?”

वाल्मीकरावांनी आरसी बुकातला आकडा तोंडपाठ सांगितला.

“ते कारखान्यातून निघाली तव्हाचं. अन् तू दगड घातला, त्याचं?”

इतक्या महिन्यांत त्यांनी रबराचं रसायन वाचलं होतं, दूर देशातल्या बर्फावरच्या चाचण्या पाहिल्या होत्या. आपण आत नेऊन ठेवलेला ओटा त्यांच्या एकाही हिशेबात आला नव्हता.

दादांच्या ओळखीने दुसऱ्या एका ट्रॅव्हलरची चाकं तेवढ्यापुरती मागून आणली आणि गाडी दिंडोरीच्या भुईकाट्यावर नेली. जिथे भरलेले ट्रक उभे करून त्यांचं वजन करतात, तिथे द्राक्षांच्या दोन गाड्यांमध्ये ही पडदेवाली गाडी उभी राहिली. काट्यावरच्या माणसाने विचारलं, माल काय आहे? सुवर्णाताई खिडकीतून म्हणाल्या, “संसार आहे.”

आकडा आला तेव्हा तो माणूस पुन्हा बाहेर येऊन चाकांखाली बघून गेला. नियमाने जेवढं वजन न्यायची परवानगी, त्याच्या बरंच पुढे गाडी गेली होती, आणि त्यात अजून टाक्यांमध्ये पाणी भरलेलं नव्हतं. म्हातारा टायर फुटला त्यात त्याचा दोष थोडा होता. उरलेला सगळा भार वाल्मीकरावांनी एकेक करून, प्रेमाने, आत नेऊन ठेवला होता.

परत येऊन वाल्मीकरावांनी शेडमध्ये गाडी लावल्यावर सुवर्णाताईंनी बाकीच्यांना जाऊ दिलं आणि त्या शेजारच्या सीटवर बसून राहिल्या.

“एक विचारू? तुम्ही टायर निवडताय, की दिवस ढकलताय?”

वाल्मीकरावांनी आधी टायरबद्दलच बोलायला तोंड उघडलं. मग स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. म्हणाले, “मला भीती वाटते गं. तो ट्रक समोर आला ना, तेव्हापासून. ही गाडी मला झेपत नाही. टायर ठरला, तर निघावं लागेल.”

“मला ते त्याच दिवशी कळलं होतं,” सुवर्णाताई म्हणाल्या. “तुम्ही परत येताना स्टिअरिंग असं धरलं होतं, जसं काही ते कुणी चोरून नेतंय. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय त्याची.”

वाल्मीकरावांना हसू आलं. आपण केवढा मोठा अभ्यास चालवला आहे अशी त्यांची समजूत होती, आणि घरातल्या माणसाला त्याच्या आरपार दिसत होतं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ते खाली वाकून उगाच हँडब्रेक तपासू लागले.

मग कामं भराभर झाली. ओटा काढला. तो चार माणसांनी उतरवला तेव्हा गाडीने सुटकेचा श्वास टाकल्यासारखं अंग वर उचललं. तो दगड कलाबाईंच्या मोरीपाशी भांडी घासायला बसला. लोखंडी कपाट, दुसरी टाकी, एक बॅटरी बाहेर आली. पलंगाखालून पाटा निघाला तेव्हा सुवर्णाताईंनी तो कशासाठी ते विचारलं. वाल्मीकरावांनी खरं सांगितलं. “मी लग्न झाल्यापासून मिक्सरच वापरते,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्हाला ते अजून कळलेलं नाही.” कलाबाईंना इतकं हसू आलं की त्यांना पायरीवर बसावं लागलं. प्लायवुडचा जुना ओटा शोधून परत बसवला. तो अजूनही थोडा हलतो.

भुईकाट्यावर पुन्हा वजन केलं, या वेळी पाणी, गॅस आणि दोघं माणसं धरून. तो आकडा घेऊन वाल्मीकराव योगेशच्या दुकानात गेले. योगेशने सवयीने फोन कानाला लावला. वाल्मीकराव म्हणाले, दारावरच्या पट्टीवर जे माप लिहिलंय तेच, एवढं वजन आरामात पेलणारे आणि यंदाच बनलेले, सात द्या. योगेशने फोन खाली ठेवला. एवढं सोपं गिऱ्हाईक ते कधी होतील असं त्याला वाटलं नव्हतं. हवा किती ठेवायची तेवढं वाल्मीकरावांनी जाड अक्षरात लिहून आरशाजवळ चिकटवलं.

भीती टायरबरोबर गेली नाही. तिला वेळ लागला. सकाळी बागेकडच्या कच्च्या रस्त्यावर ते गाडी पुढे-मागे घ्यायचा सराव करू लागले. त्यात दादांचा एक खांब आणि पेरूचं एक झाड जायबंदी झालं. सुवर्णाताई स्कूटर चालवायच्याच. त्यांनीही स्टिअरिंग हातात घेतलं, शिकवणी लावून परवाना काढला, आणि सपाटीवर त्या नवऱ्यापेक्षा बऱ्या चालवतात हे वाल्मीकरावांनी स्वतःच चारचौघांत सांगायला सुरुवात केली. घाटाचं काम मात्र आपल्याकडे ठेवलं, थोडी इभ्रत उरावी म्हणून.

थंडी सुरू झाली तेव्हा ते निघाले. वणीच्या अलीकडे टायर फुटला होता ती जागा आली, तेव्हा सुवर्णाताई गाडी चालवत होत्या आणि वाल्मीकराव खिडकीतून कडेचा मुरूम बघत होते. हातगडच्या चढाशी त्यांनी जागा बदलल्या. वाल्मीकरावांनी गाडी इतकी सावकाश चढवली की मागे बसगाड्यांची रांग लागली आणि एका ड्रायव्हरने ओलांडताना मान बाहेर काढून त्यांचं तोंड नीट बघून घेतलं. त्यांनी त्याला हात केला. तळहात ओले होते, पण गाडी सरळ चालली होती.

वर माळावर झाडाखाली गाडी लावली. सुवर्णाताईंनी पडदे सरकवले, शेगडीवर कांदा परतायला घेतला. वाल्मीकराव दारातल्या पायरीवर बसले आणि जग जिंकल्यासारखे समोरचा डोंगर बघू लागले. तेवढ्यात एक कुटुंब कारमधून उतरून त्यांच्याकडे आलं. त्यातल्या गृहस्थांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “भजी मिळतील का? चार प्लेट?”

देश बघायला निघालेला माणूस गाडीवाला समजला गेला होता. वाल्मीकरावांनी क्षणभर विचार केला आणि आत वळून बायकोला विचारलं, बेसन आहे का?

“आहे,” सुवर्णाताई म्हणाल्या. “पण कांदे तुम्ही चिरायचे.”