तिण्णैअक्का

तिण्णैअक्कांच्या हातून कचरासुद्धा सहजासहजी सुटत नसे. टेबलावर रिकामी काडेपेटी दिसली तरी त्या ती उचलत, ऑफिसभर फिरत आणि प्रत्येकाला विचारत, "हें कुणाचं?" सगळ्यांनी नाही म्हटलं की ती पेटी टोपलीत जाई, तीही अक्कांनी आत डोकावून खात्री केल्यावर. अशा बाईला आमच्या सरांनी नको असलेलं सामान काढून टाकण्याच्या कामावर नेमलं होतं. माणसं पारखण्यात सरांचा हात कुणी धरला नसता.

देशाचा बाजार खुला झाल्याची बातमी तंजावरला जरा उशिरा पोचली. पोचली ती सरांच्या टायसकट. मद्रासहून येऊन त्यांनी राजवीथीवर भांड्यांच्या दुकानावरचा मजला घेतला, एसी बसवला आणि परदेशातल्या इमारतींची कॉम्प्युटर मॉडेलं करायचं ऑफिस उघडलं. आम्ही अकरा जण तिथे दारं, खिडक्या, वॉशबेसिनं काढत असू. एक दार एकदा नीट करून लायब्ररीत ठेवायचं आणि मग शंभर इमारतींत तेच बसवायचं, अशी सोय होती. अडचण एवढीच, की दार जिथे जिथे फिरून येई तिथलं सामान चिकटवून आणी. एखादं साधं लाकडी दार उघडावं तर त्याच्या मटेरियलच्या यादीत हिरवा संगमरवर, कौलं, हिरवळ आणि 'वीट', 'वीट-२', 'वीट-२ची कॉपी' अशी सगळी वीट मंडळी. दाराला हिरवळ कशाला लागते हे विचारायची आमची पायरी नव्हती. फायली फुगत, मशीन अडकत आणि आम्हाला काम देणारी सातासमुद्रापलीकडची मॅडम फार सभ्य शब्दांत तक्रार करी.

हे निस्तरायला अक्का आल्या. मराठी बोलणाऱ्या जुन्या घराण्यातल्या. ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून पेन्शनीपर्यंत नकाशे गिरवलेल्या. रोज पापनाशमहून पॅसेंजरनं येत. माऊस त्या मिठाच्या चिमटीसारखा धरत. मराठी वाचायला मी पुढे पुण्यात नोकरीला गेल्यावर शिकलो. अक्कांना देवनागरी कधीच आली नाही. त्यामुळे हे सगळं निर्धास्त लिहितो आहे.

त्यांच्या घरी लग्नकार्य उरकलं की मागे राहिलेले टॉवेल, तांबे, कुणाचा तरी चष्मा हे सगळं तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, तीन दिवस मांडून ठेवत. ज्याचं असेल तो नेई. उरेल ते मग वाटून टाकत. हीच रीत अक्कांनी कॉम्प्युटरमध्ये आणली. 'तिण्णै' नावाची एक फाइल केली. दाराचे लहानमोठे सगळे आकार एकेक उघडायचे, जे मटेरियल कुठेच लागलेलं दिसत नाही ते तिण्णैवर ठेवायचं, यादी छापून पाण्याच्या माठाशेजारी चिकटवायची. तीन दिवसांत कुणी हक्क सांगितला नाही, तरच ते पुसायचं. 'हिरवळ' तीन दिवस माठाशेजारी लटकली तेव्हा आम्ही हसून बेजार झालो. तिण्णैअक्का हे नाव तेव्हाच पडलं, आणि ठेवणारा मीच होतो.

"अक्का, हे टाकून द्या ना. कोण मागायला येणार आहे?" मी म्हणायचो. त्या मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

"असूं दे रे तंबी. तीन दिवसांत तें काय खातें?"

"मेमरी खातं."

"मग खाऊं दे. उपाशी कुणाला घालवूं नये."

मी डिप्लोमात पहिला आलेला होतो आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. दुपारी दहीभात खाताना अक्का अर्धा भात न विचारता माझ्या डब्याच्या झाकणावर वाढत, आणि मी तो खाऊन दुपारभर त्यांची नक्कल करत असे.

मग कुंभकोणमला भाचीचं लग्न निघालं आणि अक्कांनी चार दिवस रजा घेतली. कंत्राट पुन्हा मिळायची वेळ जवळ आली होती. सर म्हणाले, लायब्ररी या आठवड्यात हलकी होऊन मॅडमकडे गेली पाहिजे. मला तेवढंच हवं होतं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. डोळ्यांना दिसतं ते ठेवायचं, दिसत नाही ते पुसायचं. ज्याला अक्कांना महिने लागले असते ते काम एका दुपारी झालं. फायली निम्म्यावर आल्या, सरांनी जिलबीसारखी जांगिरी वाटली, सीडी कुरिअरनं गेली. मी प्रगतीचा पाईक वगैरे झालो.

अक्का परतल्या, एकेक दार उघडून बघू लागल्या आणि तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या. "तंबी, शिसं कुठं गेलं?"

एक्स-रेच्या खोलीचं दार होतं ते. त्याच्या सात आकारांपैकी एकाच आकारात, दोन फळ्यांच्या मध्ये, किरण अडवणारा शिशाचा पत्रा होता. बाहेरून तो दिसत नाही. माझ्या प्रोग्रामलाही दिसला नव्हता. मॉडेलमधून निघणाऱ्या सामानाच्या यादीत आता नुसतं लाकडी दार येणार होतं, आणि तिकडे इस्पितळाचं काम चालू होतं.

अक्का थेट सरांच्या केबिनमध्ये गेल्या. माझ्या पुसापुशीची चौकशी होईल म्हणून मीही मागे गेलो.

"त्यांना कळवायला पाहिजे, सार," अक्का म्हणाल्या.

"आपणच आपली चूक सांगायची? आत्ता? तिथे इंजिनियर आहेत, बघतील ते."

"आणि नाही बघितलं तर? त्या दारामागं रोज कोणतरी उभं राहणार. नर्स असेल, लेकराला धरून आई असेल."

"कंत्राट गेलं तर हे अकरा जण कुठे उभे राहणार?" सरांनी विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. संध्याकाळी खाली उतरून अक्का कोपऱ्यावरच्या फोनबूथमध्ये शिरल्या आणि मॅडमचा नंबर मला फिरवायला लावला. त्यांचं इंग्रजी जेमतेम. "मॅडम, एक्स-रे डोअर, लेड नो. अवर मिस्टेक. प्लीज स्टॉप," एवढं त्यांनी तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फोनचं कळल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ही चूक कुणाच्या नावावर लिहायची?"

मी माठातून पाणी घेत होतो. भांडं भरलं तरी घेतच राहिलो.

"लायब्ररी माझी आहे, सार," अक्का म्हणाल्या.

कंत्राट गेलं नाही. उलट मॅडमनं आभाराचं पत्र पाठवलं आणि आणखी दोन वर्षांचं काम दिलं. ते पत्र सरांनी चौकट करून भिंतीवर लावलं आणि परवानगीशिवाय फोन केला म्हणून त्याच महिन्यात अक्कांना घरी बसवलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. जाताना त्यांनी मला तिण्णैची फाइल कशी चालवायची ते पुन्हा समजावून सांगितलं, आणि मी मान डोलावत राहिलो. मी भित्रा होतो, याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

कित्येक वर्षांनी पुण्याहून सुट्टीला आलो तेव्हा पापनाशमला गेलो. माफीची वाक्यं गाडीत पाठ केली होती. अक्का फार वाळल्या होत्या, पण मला बघताच त्यांनी सुनेला कॉफी टाकायला सांगितलं. मी सुरुवात केली, "अक्का, तेव्हा ते मी..."

"तें माहीत आहे रे. सुम्मा बस, उगी." त्या पुढे झुकल्या. "त्या दाराला शिसं लागलं का?"

मला माहीत नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर मी दोन वर्षं बसलो होतो, रोज मॅडमला मेल लिहीत होतो, वर्षानुवर्षं माफीची वाक्यं घासत होतो, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

"नाही विचारलं, अक्का."

"मग विचार की. दार अजून तिथंच असेल."

पुण्याला परतल्यावर मॅडमचा पत्ता शोधून लिहिलं. उत्तर आलं. फोन आला त्याच आठवड्यात ऑर्डर थांबवली होती, शिशाचंच दार बसलं, आणि त्या बाई आता कुठे असतात, असं मॅडमनं विचारलं होतं. मी लगेच पापनाशमला फोन लावला. मेल वाचून दाखवला.

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. मग विचारलं, "जेवलास?" मी हो म्हटलं, आणि माफीचं वाक्य जुळवत होतो तोवर त्यांनी फोन ठेवला. पोंगलनंतर त्या गेल्याचं कळलं. ते वाक्य अजून माझ्याकडेच आहे.