माझ्या खांद्यावर उभा राहिलेला दिगू

दिगू गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने दिली. सकाळी मैदानावर पोरांना पळायला लावून मी उभा होतो, तेवढ्यात प्रणालीचा फोन आला. "बाबा, सर गेले..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. दिगू अनसिंगला कुणा खेळाडूला पाहायला गेला होता. परतताना एसटीतच छातीत कळ आली. वाशीमच्या स्टँडवर गाडी लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तिची समजूत घालत राहिलो, पण खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो असा, की माझ्यासाठी ही एवढी रडेल का? या गोष्टीला दीड महिना झाला. तो विचार अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही दोघं विद्यापीठाच्या बेसबॉल संघात होतो. मी पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. तो कॅचर, समोर उकिडवा बसून कोणता चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावणारा आणि माझे चेंडू झेलणारा. कौतुक व्हायचं ते माझं. दिगूला चार चेंडू धड फेकता येत नव्हते. पुढे मी रिसोडच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झालो, तो वाशीमच्या. आणि पिचर घडवणारा माणूस म्हणून नाव झालं ते त्याचं! सुटीच्या दिवशी तो गावोगाव हिंडायचा, माणसांचे हात पाहत. शिरपूरला एका बांधकामावर वरच्या मजल्यावर विटा फेकणारी मुलगी त्याला दिसली. बारावी होऊन घरी बसलेली. तिच्या आईवडिलांशी दोन तास बोलत बसला आणि तिचं नाव कॉलेजात घालूनच उठला. पुढच्या वर्षी ती विद्यापीठाकडून खेळली. त्या बांधकामावरून मी कितीदा तरी गेलो होतो. मला फक्त विटा दिसल्या होत्या.

मग प्रणाली बारावी झाली, तेव्हा एक दिवस तो माझ्या घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, "पोरगी देतो का माह्याकडे?"

"काहून? मी नाई शिकवू शकत का तिले?"

"तू तिले तुह्यासारखं फेकाले लावतो बे. तिले तिच्या हातानं फेकू दे."

तेवढ्यात दारातून प्रणालीच म्हणाली, "बाबा, मले जायचं हाये." तीन वर्षं ती त्याच्या कॉलेजात, त्याच्या हाताखाली होती. घरी आली की 'सर असं म्हणतात, सर तसं म्हणतात'... मी जेवत राहायचो.

तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना होता. निवड समिती बसलेली. प्रणालीचा खेळ असा बहरला होता, की माझ्या शेजारचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि त्यांचा संघ आघाडीवर असताना दिगू मैदानात गेला, तिच्या हातातून चेंडू घेतला आणि तिला बाहेर बसवलं. ते सामना हरले. विद्यापीठाच्या संघात तिचं नाव आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाशीम गाठलं. क्रीडा विभागाच्या खोलीत तो एका चेंडूची उसवलेली शिवण शिवत बसला होता. "कायचा बदला घेऊन राह्यला बे?" मी दारातूनच ओरडलो.

"तिचं कोपर दुखून राह्यलं होतं. तिनं सांगतलं नाई, पण मले दिसलं."

"एकच मॅच तर होती!"

त्याने सुई खाली ठेवली. मग म्हणाला, "तुही बी एकच मॅच होती..."

आमच्या शेवटच्या सामन्यात दोन डावांच्या मधे मी फक्त त्यालाच सांगितलं होतं, की खांद्यात आग होते आहे. त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा खाली बसून वेगवान चेंडूचीच खूण करत राहिला. आम्ही जिंकलो. त्यानंतर कित्येक महिने मला या हाताने केस विंचरता येत नव्हते. माझं फेकणं तिथेच संपलं.

"मले समजत होतं," दिगू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण मले जिंकाचं होतं बे. तवापासून कोनाचा हात खराब होऊ देल्ला नाई."

मी बाहेर पडलो. रिसोडच्या जीपमध्ये बसलो तेव्हा मनात दया नव्हती, रागही नव्हता. होता तो मत्सर. खांदा माझा गेला, आणि त्यातून शिकला तो! माझ्या दुखण्यातून त्याला नजर मिळाली. मला नुसतं दुखणं. पुढे आमचं बोलणं सुरू झालं, लग्नकार्यात भेटत राहिलो. पण 'जाऊ दे दिगू' एवढे तीन शब्द मी कधी म्हटले नाहीत. तो त्यांची वाट पाहत असावा, हे मला कळत होतं...

प्रणाली आता मंगरूळपीरजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. परवा तिच्याकडे गेलो होतो. एक मुलगी जीव तोडून चेंडू फेकत होती आणि प्रणाली समोर बसून झेलत होती. अचानक ती गुडघ्यावर हात टेकून उठली, चालत गेली आणि तिने मुलीच्या हातातून चेंडू काढून घेतला.

"मॅडम, एकच!"

"नाई. आज बस."

ते उठणं, ते चालणं, नजर मुलीच्या कोपरावर ठेवणं... माझं त्यात काहीच नव्हतं, सगळं दिगूचं होतं. मुलगी पाय आपटत कडुलिंबाखाली जाऊन बसली, रडू लागली. दोन दिवस रुसेल, पण हात राहील. तिच्याकडे पाहत मी बराच वेळ उभा होतो. आयुष्यभर दिगूवर जळलो. त्या दिवशी मात्र मला त्या रडणाऱ्या पोरीचा हेवा वाटला.