सलूनवाल्यांची निर्गुडी

माझ्या रोजनिशीतली नोंद: मंगळवार, ४ नोव्हेंबर. वारा समुद्राकडून. सकाळी पोस्टमास्तर शेजारच्या सलूनमधून अर्ध्या दाढीनिशी उठून गेले.

उठणारच. गालावरच्या फेसात वाळू आणि वर वस्तरा! "माझा गाल आहे, पॉलिश पेपरने घासायचं लाकूड नव्हे," असं बजावून ते तडक आतल्या रस्त्यावरच्या काचेच्या दाराच्या सलूनकडे निघाले. तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत फिरकत नसे. असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार, हे आमच्या सलूनवाल्यांनाही कळत होतं.

वाळू अडवायला उपाय त्यांनीच केला होता. किनाऱ्यावर आपसूक वाढणारी निर्गुडी दुकानापुढे कुंपणाला लावली होती. खारा वारा, तापलेली वाळू, तिला कशाचीच तमा नाही. पेन्सिलीएवढ्या फांद्या त्यांनी वस्तऱ्याने पेराखाली तिरक्या कापल्या, खालची पानं काढली आणि दाढीच्या जुन्या मगांत ओल्या वाळूत खोचल्या. झाडून सगळ्या जगल्या. हात चांगला, वादच नाही. पण तोच हात आडवा आला. नवी फूट दिसली रे दिसली, की कात्री बाहेर! तीन वर्षांत निर्गुडी घोट्याच्या वर गेली नाही. वाळू आपली मजेत वरून येई, सलूनमध्ये आणि शेजारी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांतही.

त्या दिवशी त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, कमरेवर हात ठेवले. "वाढू द्या की तिला! फोटो काढायचाय का तिचा?"

"अगं, सलूनपुढेच असलं झिपरं? लोक काय म्हणतील?"

"म्हणायला लोक उरलेत कुठे?"

यावर त्यांनी कात्री खिशात घातली. कात्री फक्त माणसांसाठी, असं कबूल केलं. साक्षीला मी.

शब्द पाळणं मात्र जड गेलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आरशात निर्गुडी दिसे, रोज थोडी जास्त विस्कटलेली. कात्री कानाशी आणि यांची नजर तिच्यावर. एकाने घाबरून कानच झाकून घेतला.

"काकू, बघवतं का हो तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

"न बघवायला काय झालं? अगदी तुमच्या मेव्हण्यासारखी दिसते."

शेवटी वहिनींनी आरसा आणि खुर्ची दुसऱ्या भिंतीला हलवून घेतली.

पुढच्या वर्षी वारा सुटला तेव्हा निर्गुडी छातीला लागत होती. वाळू तिच्या पायाशीच साचू लागली. एका सकाळी पोस्टमास्तर येऊन खुर्चीत बसले. "तिकडे गर्दी फार," म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. या वेळी दाढी पुरी झाली. गालावरून हात फिरवत ते बाहेर आले आणि कुंपणापाशी थबकले.

"हिला जरा कापा की हो!"

सलूनवाल्यांचा हात खिशाकडे गेला.

"मास्तर," वहिनी आतून ओरडल्या, "दाढी झाली ना तुमची? मग निघा!"

त्या संध्याकाळी मी रोजनिशीत लिहिलं: उशांचे अभ्रे बाहेरच वाळवले. न झटकता घड्या घातल्या.