परशादा

बाबा गेल्यापासून आईनं जेवण जवळजवळ सोडलंच होतं. भातकुलीजवळचं घर बंद करून मी तिला अमरावतीला माझ्याकडे आणलं, पण अर्ध्या पोळीवर तिचा हात थांबायचा. अंगावर नुसती हाडं राहिली. असंच चाललं तर भरती करून सलाईन लावावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी रागावले, रडले, तिच्या आवडीचं भरीत केलं, गोळाभात केला. आई ढिम्म.

गुरु नानक जयंतीला शेजारच्या सरदारीण काकू आल्या आणि त्यांनी सरळ आईचा हातच धरला. "माताजी, लंगरला चला." आईला नाही म्हणणं जमलं नाही. मी तर मनातून नाचलेच. चार महिन्यांत पहिल्यांदा ती दवाखाना सोडून कुठंतरी निघाली होती.

गुरुद्वारात नुसती धामधूम चालली होती. दारापासून झेंडूच्या माळा, आत पेटी-तबल्यावर कीर्तन, मोठ्या तव्यावरून येणारा खमंग वास. माझ्याच पोटात कावळे ओरडायला लागले. आई डोक्यावर पदर घेऊन पंगतीत बसली. ताटात डाळ, भाजी, खीर आली. मग पोळ्यांची टोपली घेऊन एक उंचापुरा सरदारजी आला. "परशादा घ्या, माताजी."

लंगरात पोळीला परशादा म्हणतात, हे काकूंमुळे मला ठाऊक होतं. आईला कुठून असणार? तिनं ऐकलं प्रसाद, आणि लगेच दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली. गंमत म्हणजे तिथं पोळी घ्यायची रीतही हीच. प्रसादाला नाही म्हणत नाहीत, तो टाकत तर नाहीतच. आईनं पोळी संपवली.

सरदारजी परत आला. परत ओंजळ. मी सांगायला तोंड उघडलं आणि जीभ चावली. गप बस ना बाई, मीच मला म्हटलं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. घे माय, घे. तिनं घेतली आणि डाळीत कुस्करून सगळी खाल्ली. भर पंगतीत उठून टाळ्या पिटाव्यात, इतका मला आनंद झाला.

परतताना ऑटोत मला काही राहवेना. "आई, थो परसाद नव्हता वो. साधी पोळी होती," म्हणत मी हसत सुटले.

"मले का समजत नाई? दुसऱ्या खेपीलेच समजलं."

"मंग काहून घेतली?"

"थो 'घ्या' म्हणे. तू 'वाढू का' म्हणून इचारते. इचारल्यावर कोणी हो म्हणते का? तुहे बाबा इचारत नसत, ताटात टाकूनच देत."

माझं हसू थांबलं. चार महिने मी लाडानं, रागानं, रडून तिला विचारतच होते.

संध्याकाळी मी विचारलं नाही. दोन पोळ्या तिच्या ताटात टाकल्या, वरणावर तूप सोडलं आणि शेजारी जेवायला बसले. खाल्ल्या तिनं.