आजोबांच्या अस्थींचा पत्ता

मुलांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, आपल्या आजोबांची कबर जर्मनीत कशी? आज त्यांची तिथी आहे, म्हणून लिहिते.

साठ वर्षं झाली. आम्ही राइनकाठच्या एका गावात राहत होतो. ते न्युमोनियाने गेले तेव्हा तुमचे बाबा माझ्या पोटात होते. दहन झालं, पण तिथल्या कायद्याने अस्थी घरच्यांना देत नाहीत, पुरायलाच लागतात. नगरपालिकेत ते काम हेर क्लासन, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत क्लासन, पाहत. आधी ते वीस वर्षं आरमारात होते. त्यांच्या ओल्या कोटाचा, तंबाखूचा वास अजून आठवतो.

"तुम्ही तर दर्यावर्दी. नदीत सोडू द्या हो," मी टेबल धरून रडत होते.

"मी माझे सोबती समुद्रात सोडलेत, मॅडम. त्यांच्या आया अजून विचारतात, नेमकं कुठे? मला सांगता येत नाही. तुमच्या मुलाला तरी सांगता यावं."

कलश त्यांनीच पुरला आणि जहाजावरच्या सवयीने त्या जागेचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून दिले. तेव्हा ते मला निर्दय वाटले. आज तसं म्हणवत नाही.

तिथे कबरीलाही मुदत असते. ती संपली, दगड काढून नेला. कागद माझ्याजवळ आहे.